पुरावा आणि पत्रकार : 'सिंहासन' व 'कमला' यांची पूर्वपीठिका

सत्तेच्या किंवा धर्माच्या एखाद्या मोठ्या संस्थेत चाललेला गैरव्यवहार पत्रकारांनी चिकाटीने उघडकीस आणावा आणि त्या शोधाचीच कथा व्हावी, हा चित्रपटाचा प्रकार पाश्चात्त्य देशांत आता चांगला रुळला आहे. १९७६ सालच्या 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' या चित्रपटाने त्याला जो घाट दिला, तोच थोड्याफार फरकाने २०१५ सालच्या 'स्पॉटलाइट'मध्ये आढळतो. पहिल्यात 'वॉशिंग्टन पोस्ट'चे दोन तरुण बातमीदार आहेत आणि १९७४ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष निक्सन यांना पद सोडावे लागले त्या प्रकरणाचा आरंभ आहे; दुसऱ्यात 'बोस्टन ग्लोब'चा शोधविभाग आहे आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली, कॅथलिक धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या शोषणाची व ते झाकून ठेवण्याची हकीकत आहे. दोहोंत बातमीदाराच्या पाठीशी त्याचे पत्र उभे राहते, संपादक अधिक पुरावा मागतो, पुरावा मिळतो आणि अखेरीस छापखान्याची यंत्रे फिरू लागतात.

मराठीत या प्रकाराची उदाहरणे शोधू गेल्यास दोन कृती प्रथम नजरेसमोर येतात. पहिली, डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'सिंहासन' (१९७९) हा चित्रपट. दुसरी, विजय तेंडुलकरांचे 'कमला' (१९८१) हे नाटक व त्यावरून १९८४ मध्ये जगमोहन मूंदडा यांनी काढलेला हिंदी चित्रपट. या दोन्ही कृतींत वर सांगितलेला घाट जवळजवळ उलटा झालेला दिसतो. एकीत पत्रकाराला सर्व ठाऊक आहे, परंतु छापता येण्याजोगे त्याच्या हाती काही नाही. दुसरीत त्याच्या हाती जिवंत पुरावा आहे, आणि तो पुरावा मिळविण्याची रीतच प्रश्न बनून त्याच्यासमोर उभी राहते. असे का व्हावे, याचे उत्तर केवळ लेखकांच्या प्रकृतिधर्मात शोधणे अपुरे होईल. मराठी वृत्तपत्रांचा पुराव्याशी जो संबंध आला, त्याचा इतिहास त्यासाठी पाहिला पाहिजे.

या इतिहासाचे पहिले ठळक पान कोल्हापूर प्रकरणाचे आहे. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली आणि जेमतेम दीड वर्ष लोटले तोच त्यांच्या संपादकांवर तुरुंगात जाण्याचा प्रसंग आला. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज हे वेडसर आहेत असे सरकारी मत होते. त्यांना वेडे ठरविण्यासाठीच त्यांचा छळ होत आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा आरोप या पत्रांनी केला. आरोपाला आधार होता तो बर्व्यांची म्हणून हाती आलेल्या काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, ती पत्रे बनावट ठरली, आणि टिळक व आगरकर यांनी न्यायालयात दिलगिरी व्यक्त केली. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून प्रत्यक्षात १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. महात्मा फुले यांच्या खटपटीने रामशेट उरवणे यांनी या दोघांसाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता, ही गोष्ट पुढील काळातील पक्षभेदांच्या पार्श्वभूमीवर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडील चरित्रकारांनी या प्रकरणाकडे बहुधा त्यागाचा पहिला अध्याय म्हणून पाहिले. वृत्तपत्रीय शोधाच्या दृष्टीने मात्र येथे तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत : महाराजांचा छळ होत होता किंवा नाही, तो कारभाऱ्याच्या सांगण्यावरून होत होता किंवा नाही, आणि संपादकांच्या हाती आलेली पत्रे खरी होती किंवा नाही. न्यायालयाने निर्णय दिला तो मुख्यतः तिसऱ्या प्रश्नावर, आणि त्याच्या ओघात दुसऱ्यावर. पहिला प्रश्न तसाच राहिला. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला, तेव्हा तो प्रश्न लोकांच्या मनात अधिकच तीव्र झाला. कागद खोटा ठरला म्हणजे घटना खोटी ठरली असे होत नाही. परंतु खोट्या कागदावर उभारलेला आरोप खऱ्या अपराध्यालाही निर्दोषत्वाचा दाखला मिळवून देतो. संपादकांना ती पत्रे पारखण्याचे साधनही नव्हते. संस्थानचा दप्तरखाना त्यांना बंद, रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार गुप्त, आणि बातमी आणून देणारे लोक स्वतःच त्या राजकारणातील पक्षकार. बातमीदाराला कागद मिळतो तो कुणाच्या तरी हेतूमुळे मिळतो, हा पाठ मराठी वृत्तपत्रांनी आपल्या बाल्यावस्थेतच घेतला.

आता 'सिंहासन'कडे वळू. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. साधू हे मूळ विदर्भातले, परतवाड्याचे. मुंबईत इंग्रजी वृत्तपत्रांत त्यांनी अनेक वर्षे बातमीदारी केली. तेंडुलकरही 'मराठा', 'लोकसत्ता' यांसारख्या पत्रांच्या संपादकीय विभागात राबलेले. म्हणजे चित्रपटाची कथा आणि पटकथा ही दोन्ही वृत्तपत्राच्या कचेरीतून आलेल्या माणसांची निर्मिती होय. दिग्दर्शक तेवढे पेशाने डॉक्टर, दौंडला दवाखाना चालविणारे.

एका निनावी दूरध्वनीने चित्रपटाला सुरुवात होते. आपल्याला खाली खेचण्याचा कट शिजतो आहे ही वार्ता मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक) यांच्या कानी पडते. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (डॉ. श्रीराम लागू), कामगार पुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी), चोरटी आयात करणारे दलाल, चाळीतला बेकार तरुण अशी माणसांची एक मोठी साखळी उलगडत जाते आणि या सर्वांमधून एक जण सहजपणे ये-जा करीत असतो : पत्रकार दिगू टिपणीस. ही भूमिका निळू फुले यांना देण्यात विलक्षण औचित्य होते. ग्रामीण चित्रपटांतील बेरकी खलपुरुष म्हणून प्रेक्षकांना परिचित असलेला हा नट येथे केवळ ऐकतो, पाहतो आणि गप्प बसतो. मराठी पडद्यावर गप्प बसण्याचे इतके अर्थ क्वचितच कोणी दाखविले असतील.

दिगूला बातमी मिळते कशी, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. मंत्र्याच्या बंगल्यावरील चहा, मंत्रालयाच्या वऱ्हांड्यातील दोन वाक्ये, रात्री उशिरा वाजणारा दूरध्वनी, एकाने दुसऱ्याविषयी मुद्दाम सोडलेली पुडी, एवढीच त्याची साधने. यांतील एकाही साधनाचा कागद होत नाही. सत्तेची देवघेव शब्दाने होते, आणि शब्द फिरविता येतो. दिगूचे मौन म्हणजे भ्याडपणा, असे जे कधी कधी म्हटले जाते ते मला पटत नाही. तो भित्रा असता तर त्याच्याजवळ इतक्या लोकांनी मन मोकळे केले नसते. उलट तो सर्वांचा विश्वासू आहे, आणि विश्वासूपणा हीच त्याची बेडी आहे : जे ज्ञान प्रत्येकाच्या विश्वासातून मिळाले ते छापले की तो झरा आटणार. वॉशिंग्टनच्या चित्रपटातील बातमीदार सत्तेच्या वर्तुळाबाहेरचे, कनिष्ठ आणि अपरिचित होते. त्यांना दारोदार हिंडावे लागले, आणि त्याच कारणाने ते मोकळे होते. दिगू आत आहे. चित्रपटाच्या शेवटी खुर्चीवरचा माणूस खुर्चीवरच राहतो आणि भान सुटते ते दिगूचे.

या चित्रपटाच्या इतिहासात एक उपरोध आहे. त्याचे काही चित्रीकरण प्रत्यक्ष शासकीय वास्तूंत झाले, आणि त्यास परवानगी देणारे सरकार १९७८ मध्ये सत्तांतराच्या अशाच एका नाट्यातून आलेले होते. सत्तेला आपले चित्र पाहण्यात संकोच वाटला नाही, यावरून शासन उदार होते असे म्हणावे की त्या चित्रात शासनाला बाधक असे काही नव्हते असे म्हणावे, याचा निर्णय वाचकांनीच करावा. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. व्यक्तींची नावे, रकमा आणि तारखा नसलेले सत्य सत्तेला फारसे बोचत नाही.

नावे, रकमा व तारखा असल्या म्हणजे काय होते, हे दोनच वर्षांनी दिसून आले. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी स्थापन केलेल्या 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' आदी न्यासांना मिळालेल्या देणग्यांचा हिशेब मांडलेला होता. सिमेंटवर त्या काळी नियंत्रण होते. परवाना सरकारच्या हाती, तुटवडा बाजारात, आणि इमारती बांधणाऱ्यांची निकड मोठी. देणगी आणि सिमेंटचा कोटा यांची सांगड लेखाने घातली. याविरुद्ध दाखल झालेल्या अर्जावर १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी निर्णय दिला आणि मुख्यमंत्र्यांना त्याच महिन्यात पायउतार व्हावे लागले. फौजदारी खटल्याची वाट मात्र निराळ्याच वळणांनी गेली. तो उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा १९८४ सालचा आपलाच आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मागे घेतला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की, न्यासाला नोंदणी लागते, देणगीची पावती फाडावी लागते, कोट्याच्या वाटपाची नस्ती असते. 'सिंहासन'मधील सत्ता शब्दांवर चालत होती. ही सत्ता कागदांवर चालली, आणि म्हणूनच ती सापडली.

त्याच वर्षी, त्याच वृत्तपत्राने, चार महिने आधी एक वेगळाच शोध प्रसिद्ध केला होता. एप्रिल १९८१ मध्ये अश्विनी सरीन या बातमीदाराने मध्य प्रदेशातील मुरैना भागात २३०० रुपये देऊन एक स्त्री विकत घेतली आणि स्त्रियांचा बाजार उघडपणे भरतो हे त्या खरेदीनेच सिद्ध करून दाखविले. त्या स्त्रीला वृत्तपत्राने कमला म्हटले. सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली व देशभर खळबळ उडाली. येथे पुरावा कुणी आणून दिलेला नव्हता; बातमीदाराने तो घडविला होता. कोल्हापूर प्रकरणातील दोष, म्हणजे दुसऱ्याच्या हेतूने आलेला कागद, या रीतीत अजिबात राहत नाही. पण त्याऐवजी जो दोष येतो तो नीतीचा आहे, आणि तेंडुलकरांनी नेमके त्यावरच बोट ठेवले.

'कमला' नाटकातील जयसिंग जाधव हा दिल्लीतील एका इंग्रजी दैनिकाचा नावाजलेला बातमीदार आहे. बिहारमधील बाजारातून २५० रुपयांना घेतलेल्या कमलाला तो घरी आणतो. पत्रकारपरिषदेत तिला उभी करून खळबळ उडवून द्यावयाची, तोवर बातमी फुटू द्यावयाची नाही, असा त्याचा बेत. तिला ताप आहे की भूक, ती घाबरली आहे की थकली आहे, याची त्याला फिकीर नाही. किंबहुना ती जितकी मळकट दिसेल तितका पुरावा सबळ, असा त्याचा हिशेब. परिषदेत जमलेले पत्रकार तिला जे प्रश्न विचारतात आणि त्यावर जो हशा पिकतो, त्याची हकीकत जयसिंग घरी परतल्यावर मोठ्या खुशीत सांगतो. ऐकणारी त्याची पत्नी सरिता आणि तिचे काका. या प्रसंगात आरोपी बदलतो. बाजार भरविणारे दूर राहतात आणि तो बाजार पाहावयास जमलेले सुशिक्षित लोक प्रेक्षकांसमोर येतात.

नाटकाचा कणा म्हणजे कमला सरितेला विचारते तो साधा प्रश्न : तुला केवढ्याला घेतले? त्या प्रश्नाने सरितेला स्वतःच्या घराची रचना दिसू लागते. येथून नाटक पत्रकारितेचे राहत नाही, विवाहसंस्थेचे होते, असे अनेक समीक्षकांचे म्हणणे आहे. ते पुरते बरोबर वाटत नाही. सरिता घरी आलेल्या प्रत्येक दूरध्वनीची नोंद करून ठेवते. जयसिंगाची अर्धी बातमीदारी तिच्या कष्टांवर उभी आहे, आणि त्यापैकी काहीही त्याच्या नावाने छापलेल्या मजकुरात दिसत नाही. तेंडुलकरांनी शोधाच्या यंत्रणेतच गुलामी दाखविली आहे. पुढे मालकावर बड्या लोकांचा दाब येतो आणि जयसिंगाला नोकरीवरून काढण्यात येते. कमला तोवर संस्थेच्या स्वाधीन झालेली असते, आणि तिचे पुढे काय, हा प्रश्न नाटकातील कोणत्याही पुरुषाच्या अजेंड्यावर नसतो. संस्थेचा गैरव्यवहार उघडा पाडण्याच्या कथेत वृत्तपत्र हीच एक संस्था म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात येते. अमेरिकन चित्रपटांत असे घडत नाही असे नव्हे. 'स्पॉटलाइट'मध्येही आपल्या पत्राकडे ही माहिती पूर्वीच आली होती आणि आपण तिच्याकडे दुर्लक्ष केले, याची कबुली आहे. परंतु तेथे ती कबुली पत्राची प्रतिष्ठा वाढविते. येथे सावरण्याजोगी प्रतिष्ठाच उरत नाही.

या नाटकातील ज्या पात्राकडे अभ्यासकांनी सर्वांत कमी लक्ष दिले, ते म्हणजे सरितेचे काका, काकासाहेब. ते फलटणचे, जुन्या वळणाचे, एक लहानसे मराठी पत्र चालविणारे. जयसिंगाचे नाव होते ते इंग्रजीत. ज्यांच्याविषयी तो लिहितो त्यांना तो मजकूर वाचता येत नाही, असा काकासाहेबांचा आक्षेप आहे. तरुण प्रेक्षकांना हे पात्र उपदेशक वाटते, आणि रंगभूमीवर ते तसे होण्याचा धोकाही आहे. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणाहून पाहिले तर या नाटकातील खरा वाद जयसिंग आणि मालक यांच्यात नसून जयसिंग आणि काकासाहेब यांच्यात आहे, असे दिसते.

उदाहरण म्हणून गोंदिया घ्या. १९५६ पर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात होता, त्यानंतर मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. उत्तरेस बालाघाट, पूर्वेस राजनांदगाव, आणि मधून जाणारा हावडा–मुंबई लोहमार्ग. येथील वाचकांचे लक्ष दीर्घकाळ नागपूरकडे राहिले : 'हितवाद' (१९११), गोपाळराव ओगल्यांचा 'महाराष्ट्र' (१९१४), ग. त्र्यं. माडखोलकरांचा 'तरुण भारत' (१९४४) ही त्या परंपरेतील नावे. गावोगावच्या व्यंगाला वाचा फुटत आली ती दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईत, दंडारीत आणि खडी गंमतीत. पाटील, सावकार, कारकून यांची नक्कल तेथे उघड होते आणि ती कुणाची हे सांगावे लागत नाही. पुरावा मागणारा तेथे कोणी नसतो, कारण प्रेक्षकच साक्षीदार असतात.

भात आणि लाख यांच्याप्रमाणेच विडी हा या मुलखाचा जुना धंदा. कारखानदार सट्टेदाराला तेंदूपत्ता व तंबाखू देणार, सट्टेदार ते घरोघर वाटणार, स्त्रिया हजारावर विड्या वळून आणून देणार, आणि तपासनीस त्यांतील काही छाट म्हणून बाजूला काढणार. छाटीची मजुरी नाही. ही छाट न्याय्य किती आणि मजुरी कापण्याची युक्ती किती, हा या धंद्यातला नेहमीचा तंटा. कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या रेगे समितीने १९४४ ते १९४६ या काळात विडीधंद्यावर स्वतंत्र अहवाल केला होता. १९५८ मध्ये सागर येथील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार आहे, असा निर्वाळा दिला, आणि त्यामुळे त्याच्याकडे राबणारी माणसे कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. कारखानदारांनी त्याला आव्हान दिले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. कच्च्या मालाचे वाटप, छाट व मजुरी यांवरील तंटे सोडविण्याची तरतूद त्या कायद्यात होती.

या साऱ्या हकिकतीवर चित्रपट निघाला नाही, आणि तो का निघाला नाही हे कळणे कठीण नाही. येथे रहस्यच नव्हते. कारखानदार, सट्टेदार, वळणारी बाई, आमदार, न्यायाधीश, सर्वांना सर्व माहीत होते, आणि बरेचसे कागदोपत्रीही होते. शोधपत्रकाराच्या कथेला झाकलेली वस्तू लागते. जी अन्यायाची रीत उघड्यावर, हिशेबाच्या वहीत, रोजच्या रोज चालते तिला ही कथा ओळखतच नाही. मुरैनाच्या बाजाराचीही गोष्ट अशीच होती : तो त्या परिसरात कुणापासून लपलेला नव्हता, तो 'उघडकीस' आला तो दिल्लीच्या वाचकांपुरता. काकासाहेबांच्या आक्षेपाचे मर्म येथे आहे. तालुक्याच्या वार्ताहराला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते, ते राजधानीतील बातमीदाराने लिहिले म्हणजे शोध ठरते. तथापि काकासाहेबांची बाजूही निर्दोष मानता येत नाही. ठाऊक असूनही फलटणच्या पत्राने किंवा आणखी कुठल्या जिल्हापत्राने ते किती वेळा आणि कुणाची नावे घेऊन छापले, हे त्यांना विचारता येईल. जाहिरात देणारा व्यापारी आणि ज्याच्याविषयी लिहावयाचे तो व्यापारी लहान गावात पुष्कळदा एकच असतो. दिगू टिपणीसाची बेडी तालुक्यालाही चुकलेली नाही.

एक प्रसंग राहिला. 'कमला'वरून हिंदी चित्रपट तयार झाला (त्यात सरितेची भूमिका शबाना आझमी यांनी व कमलाची दीप्ती नवल यांनी केली), तेव्हा 'इंडियन एक्सप्रेस'ने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. मूळ लेखमाला आमची, तिच्यावरून नाटक व चित्रपट करणे हा आमच्या स्वामित्वहक्काचा भंग, असे पत्राचे म्हणणे होते. ज्या लेखमालेने माणसाची विक्री उघडकीस आणली, तिच्या मालकीचा हा दावा होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. लेखाच्या शब्दांवर लेखकाचा हक्क असतो. घडलेल्या घटनेवर आणि तिच्यातून सुचलेल्या कल्पनेवर तसा हक्क कुणालाही सांगता येत नाही, आणि सरिता, काकासाहेब, दोन स्त्रियांमधील तो संवाद यांपैकी काहीही लेखमालेत नव्हते, अशा दिशेने निर्णय गेला. 'कमला' चित्रपट प्रदर्शित झाला, आणि स्वामित्वहक्काच्या कायद्यावरील भारतीय ग्रंथांत हा निवाडा आजही उद्धृत होतो. त्या खटल्यात वादी वृत्तपत्र होते व प्रतिवादी चित्रपटाचे कर्ते. जिच्यावरून वाद झाला ती स्त्री त्यात पक्षकार नव्हती.